पंधरा हजारांत राजासारखे? कोकणातल्या निवृत्तीचा हिशेब

चिऱ्याचे घर (धागाकर्ता)

गेला आठवडाभर एक मजकूर फिरतो आहे आणि चार वेगवेगळ्या आप्तांनी तो मला अगत्याने पाठवला. ‘निवृत्तीनंतर मुंबई-पुण्यात कशाला कुजता? दापोली-गुहागरकडे या, महिना पंधरा हजारांत नवराबायको राजासारखे राहतात, आणि माणसे इतकी प्रेमळ की सख्खे नातेवाईक विसराल,’ असा त्याचा सारांश. ठाण्याची सदनिका भाड्याने देऊन मी २०१९ पासून दापोली तालुक्यात राहतो, तेव्हा या राजाची खर्चाची वही उघडण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

भाजी घाटावरून येते, त्यामुळे ती ठाण्यापेक्षा स्वस्त नसते आणि पावसात तर महागच पडते. हर्णैच्या लिलावातली चांगली मासळी थेट मुंबईचा रस्ता धरते. घरभाडे वाचते हे खरे, परंतु वाचलेले पैसे घरच खाते: मे महिन्यात कौले शाकारायची, पडवीला पाऊस अडवणाऱ्या झडी बांधायच्या, विहिरीचा गाळ काढायचा, आणि या कामांना माणूस मिळालाच तर त्याची मजुरी शहरातल्याइतकीच. जुलैत माझ्या पेटीच्या पट्ट्या फुगतात; एक काळी दाबली की शेजारची पांढरीही तिच्याबरोबर खाली जाते आणि वर यायला तयार नसते. कपाटात चाळीसचा बल्ब दिवसरात्र पेटता ठेवावा लागतो, नाहीतर साड्यांच्या घड्यांवर बुरशीची रांगोळी उठते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत वीज पंचविसाव्या दिवशी आली. हे सारे पंधरा हजारांत बसवून दाखवणाऱ्यास मी हंगामाची पहिली पेटी देईन. आंब्याची, वाजवायची नव्हे. तीही वानरांनी शिल्लक ठेवली तर.

लाल माती

वीज पंचविसाव्या दिवशी आली हे आपण लिहिलेत. वाटेवर आडवी झालेली झाडे पहिल्या दिवशी कोणी तोडली, ते लिहिण्याचे मात्र राहून गेले. त्या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येक वाडीतून माणसे कोयते-करवती घेऊन बाहेर पडली होती आणि स्वतःच्या घरावर कौल नसताना त्यांनी आधी म्हाताऱ्यांच्या घरांची वाट मोकळी केली होती. आपल्या दारी कोणी आले नसेल तर मी शब्द मागे घेतो.

आणि भाजीचे म्हणाल, तर पावसाळ्यात परसात अळू, पडवळ, भेंडी लावायची नाही, कुळथाच्या पिठीला नाक मुरडायचे, फ्लॉवर-सिमला मिरचीसाठी रिक्षाने बाजार गाठायचा आणि मग कोकण महाग म्हणायचे, हा न्याय अजब आहे. माझे आईवडील पंधरा हजारांहून कमी पैशांत राहतात. ते स्वतःला राजा समजत नाहीत, एवढाच फरक.

कृष्णाकाठची

दापोलीच म्हणजे जग असे गृहीत धरून वाद चालला आहे. आम्ही सात वर्षांपूर्वी वाईत दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली. सातारा हाकेच्या अंतरावर, पुणे नव्वदेक किलोमीटर, विश्वकोशाचे कार्यालय गावात असल्यामुळे वाचणाऱ्या माणसांची वाण नाही, आणि मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके, म्हणजे ३० लाख, ठेवले आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात आणि आमचे त्यात भागते. यजमानांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना एसटी फुकट, मला महिला म्हणून अर्धे तिकीट. मार्च २०२० मध्ये बंद केलेली रेल्वेची ज्येष्ठांची सवलत अजून दिली नाही, यावर मला पुष्कळ लिहायचे आहे, परंतु विषय तो नाही. शनिवार-रविवारी पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे रस्ता ओलांडणे मुश्कील होते, हे मी स्वतःहूनच सांगते, म्हणजे कोणी तोंडावर फेकायला नको.

सातबारापीडित

भाडे आणि भाजी यांचे हिशेब करणाऱ्यांनी खरे दुखणे पाहिलेलेच नाही. मी आणि माझ्या भावाने आजोबांच्या जमिनीवर लहानसे घर बांधायचे ठरवले. उतारा काढला तर कब्जेदार सदरी तेवीस नावे, त्यांतली नऊ माणसे निवर्तलेली, चौघांच्या वारसांची नोंदच झालेली नाही, आणि एका चुलत आत्याचे कुटुंब नेमके कुठल्या देशात आहे हे कोणालाच ठाऊक नाही. दर गणपतीत भेटून गळ्यात पडणारी हीच माणसे वाटपाचा कागद पुढे करताच चष्मा शोधू लागतात. प्रेमळ माणसांची कसोटी पाहायची असेल तर त्यांच्याकडे सही मागा.

लाल माती

सामायिक जमिनीचा घोळ मुंबईस गेलेल्यांनीच करून ठेवला आहे. पन्नास वर्षे वारसनोंद करायची नाही, बांधावर कोणी राबायचे नाही, आणि जमिनीला भाव आला की सगळ्यांना मूळ गाव आठवते. यात गावातल्या माणसांच्या प्रेमळपणाचा काय संबंध?

सातबारापीडित

संबंध असा, की ती तेवीस नावे गावातल्याच माणसांची आहेत! आणि ज्यांना वडिलोपार्जित काही नाही त्यांचे काय? १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेताच येत नाही. माझ्या मेहुण्यास एका दलालाने ‘समुद्र दिसतो’ म्हणून दहा गुंठे दाखवले, विसार घेतला, आणि नंतर उताऱ्याच्या इतर हक्कांत कलम ४३ चा, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधन असल्याचा, शेरा निघाला. समुद्र दिसत होता, हे मात्र खरे.

कृष्णाकाठची

म्हणून तर भाड्याने राहा म्हणते आहे. साठीनंतर माणसाने जमीन घ्यावीच कशाला? पाच वर्षे तलाठी कार्यालयात जातात आणि पुढची पाच दवाखान्यात.

सातबारापीडित

ताई, भाड्याच्या घरात आजोबांची जमीन परत मिळत नाही. तुम्ही तुमच्या ६१,५०० मध्ये सुखी आहात, अभिनंदन. आमच्यापैकी पुष्कळांकडे ठेवायला ३० लाख नाहीत.

कृष्णाकाठची

हे बोलणे मला लागले. आमचे ३० लाख आभाळातून पडलेले नाहीत, पुण्यातले राहते घर विकून आलेले आहेत. परंतु तीस लाखांचा आकडा सहज लिहून गेले, ही माझी चूक आहे, इतपत मान्य करते.

रात्रपाळी

पैसा राहू दे. वडिलांना जुलैतल्या रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तेव्हा खाडीकाठच्या आमच्या गावातून हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला साडेतीन तास लागले. रस्ता खणलेला, पाऊस असा की काचेपुढचे दिसत नव्हते. वडील वाचले, पण त्या दिवसापासून मी त्यांना पुन्हा गावी राहू दिलेले नाही. ते पुण्यात गॅलरीत बसून असतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.

लाल माती

या प्रतिसादावर मला वाद घालता येत नाही. इस्पितळाच्या बाबतीत आम्ही हरलो आहोत. पुण्यातही रुग्णवाहिका चौकात अडकते, असे लिहिणार होतो. लिहिले असे समजू नये.

चिऱ्याचे घर (धागाकर्ता)

धागा माझा आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी अवस्था झाली आहे. असो. वाटेवरच्या झाडांबद्दल लाल माती यांनी विचारले आहे. आमच्या दारी पाच जण आले होते, फणस तोडून गेले, चहासुद्धा घेतला नाही, कारण गॅस संपला होता हे त्यांना ठाऊक होते. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. पंधरा हजारांचा आकडा मात्र खोटाच आहे, आणि परसात अळू आहे, कळावे.

‘मग तिथे राहता कशाला’ असे विचारणाऱ्या तीन खासगी निरोपांना एकच उत्तर: घर विकायला काढलेले नाही. यंदापासून जून ते सप्टेंबर मुलीकडे ठाण्याला आणि उरलेले आठ महिने इथे, असे ठरवले आहे. पेटीचे काय करायचे तेवढे सुचत नाही. बंद घरात ती चार महिने टिकणार नाही आणि मुलीच्या घरात तिला जागा नाही.

लाल माती

गाव कोणते ते कळवा, बहुधा मला ठाऊक आहे. किल्ली आमच्याकडे ठेवून जा. पेटी बल्बच्या कपाटात ठेवतो आणि आठ दिवसांनी एकदा भाता हलवून बघतो. विजेचे बिल मात्र तुमचे.