शाळेत अक्षरं अडली, पुढे काम जमलं: तुमचे अनुभव लिहा

लेक तिसरीत आहे. तिला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं त्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी मलाच विचारलं, "लहानपणी तुम्हालाही वाचायला जड जायचं का?" हा त्रास बऱ्याचदा घराण्यात उतरतो. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड चटकन बसत नाही. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. हे मला ४१व्या वर्षी कळलं. पुण्यातल्या आपल्यासारख्यांनी कसं निभावलं, लिहा ना. बोलून टाइप केलं तरी चालेल, शुद्धलेखन कुणी बघणार नाही.

भोसरी, टूलरूम
सहावीत सरांनी फळ्यावर 'स्वातंत्र्य' लिहायला उभं केलं. शेवटच्या अक्षरातला र कुठे जोडायचा, काही केल्या आठवेना. तास संपेपर्यंत तसाच उभा होतो. घामाने हातातला खडू ओला झाला होता. दहावीला मराठीत दोनदा गचकलो, तिसऱ्यांदा सुटलो. मग आयटीआय, टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचं काम. तिथे ड्रॉइंग पुढ्यात आलं की अख्खा जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, डोक्यात फिरायला लागायचा. आकडे मात्र अजून उलटतात. एकदा १२.६९ चं बोअर, म्हणजे आतलं भोक, १२.९६ केलं, चार जॉब भंगारात गेले. तेव्हापासून माप मोठ्याने वाचायचं, शेजारच्याने परत म्हणायचं, मगच टूल लावायचं. आज हाताखाली नऊ पोरं आहेत, सगळी हेच करतात.

सहकारनगर, फिजिओथेरपी
राज्यात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत, माझी दहावी २००१ ची. तरी शाळेला पत्ता नव्हता. बाबांनी रजा टाकून डिस्लेक्सियाच्या दाखल्यासाठी खेटे घातले, तेव्हा पेपरला जास्तीचा वेळ मिळाला. कॉलेजात स्नायूंची नावं वाचून डोक्यात राहत नसत. रूममेटच्या दंडावर, पोटरीवर बोट ठेवत पाठ केली. बिचारी झोपेतसुद्धा पाय पुढे करायची.

नाना पेठ, स्पेअर पार्ट
माझ्यात खास देणगी वगैरे काही नाही. 'अशी माणसं फार हुशार असतात' ऐकलं की उलट दडपण येतं. पार्ट हातात घेऊन ओळखतो, बिलं बायको करते. तिच्यापासून सात वर्षं लपवलं होतं. धंद्यापेक्षा ते जड गेलं.

(धागा काढणारी)
भोसरीचे दादा, तुमचं लेकीला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, ओला खडू फळ्यावर उमटतो का गं?"