सुपारीवरील बोर्डो फवारणीत थेंब किती बारीक असावा?

कुळागर_सत्तरी

नमस्कार. सत्तरी तालुक्यात आमचे पिढीजात कुळागर आहे. पोफळी जुन्या असून चाळीस फुटांच्या वर गेल्या आहेत, आणि त्यांच्या सावलीत केळी, मिरवेली व जायफळ आहे. कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवून गळवणारा रोग) पावसापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद व चुना यांचे तांबेयुक्त बुरशीनाशक) पहिली फवारणी आणि पुढे चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप साधून, दुसरी फवारणी, असा आमचा क्रम आहे. पूर्वी माणूस झाडावर चढून थेट शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घडांवर, फवारत असे. आता चढणारे मिळत नाहीत, म्हणून कार्बन फायबरची सरकती काठी आणि पेट्रोलवर चालणारा जास्त दाबाचा पंप घेतला आहे.

पंप विकणाऱ्याचे म्हणणे असे की दाब वाढवावा, नोझलचे छिद्र लहान घ्यावे, कारण फवारा जितका धुक्यासारखा असेल तितके औषध सर्वत्र पोचते. प्रत्यक्षात मला दिसते ते असे की शेंड्यापाशी पांढुरके धुके तयार होते, ते हळूहळू शेजारच्या बागेकडे सरकते, आणि शिंपुटाच्या आतल्या सुपाऱ्यांवर बोर्डोचा निळसर थर जवळजवळ दिसतच नाही. गेल्या पावसाळ्यात फळगळही याच झाडांवर अधिक झाली. तेव्हा थेंब बारीक असणे खरोखरच चांगले असते का, आणि असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत? केवळ नोझलचा क्रमांक नको आहे, कारण समजून घ्यायचे आहे.

यंत्र_फोंडा

तुमचे निरीक्षण अचूक आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रवांचे यांत्रिकी शिकवतो, त्यामुळे थोडे मुळापासून लिहितो.

प्रत्येक द्रवाला पृष्ठताण असतो, म्हणजे आपला पृष्ठभाग शक्य तितका कमी राखण्याची ओढ असते. नळाची बारीक धार खाली येता येता थेंबांत तुटते ती या ओढीमुळेच. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोझेफ प्लाटो यांनी १८७३ मध्ये मांडले की धारेवर उठणाऱ्या लाटेची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त झाली की धार टिकत नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये गणिताने दाखवले की सर्वांत वेगाने वाढणारी लाट व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांब असते, आणि तिच्यातून होणारा थेंब धारेच्या व्यासाच्या जवळजवळ १.९ पट भरतो. म्हणजे सगळे पृष्ठताणावर सोडले तर एक मिलिमीटरच्या छिद्रातून जवळपास दोन मिलिमीटरचा थेंब पडेल. तो फवारणीच्या कामाचा नाही, म्हणून नोझल द्रवाचा आधी पातळ पडदा करते. तुमच्या काठीच्या टोकाला बहुधा पोकळ शंकूचे नोझल असेल. त्यातल्या तबकडीच्या तिरक्या खाचांमुळे द्रव गरगर फिरत छिद्रापाशी येतो, मध्ये हवेचा गाभा राहतो आणि बाहेर शंकूच्या आकाराचा पडदा उलगडतो. पडदा पसरताना पातळ होतो, त्यावर लाटा उठतात, तो फाटून धागे होतात आणि धागे तुटून थेंब होतात.

आता दाबाविषयी. नोझलमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट केल्यास प्रवाह सुमारे १.४ पट होतो, तर थेंबाचा सरासरी व्यास साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. हा सरासरीचा हिशेब फसवा आहे, कारण कोणतेही नोझल एकाच मापाचे थेंब देत नाही. एकाच फवाऱ्यात वीस मायक्रॉनचेही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब असतात आणि चारशेचेही. दाब वाढवला की मुख्यतः शंभर मायक्रॉनच्या खालचा हिस्सा फुगतो, आणि तुम्हाला दिसलेले धुके हाच तो हिस्सा होय.

बारीक थेंबाची बाजूही खरी आहे. व्यास निम्मा केला तर तेवढ्याच द्रवातून आठपट थेंब मिळतात आणि एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. एक लिटर पाणी शंभर मायक्रॉनच्या थेंबांत फोडले तर सुमारे १९० कोटी थेंब होतात व त्यांचा पृष्ठभाग साठ चौरस मीटर भरतो. हा पृष्ठभाग निर्माण करायला साडेचार ज्यूलही ऊर्जा लागत नाही, तर वीस बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) तो लिटर नोझलमधून ढकलायला दोन हजार ज्यूल खर्च होतात. उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा द्रवाचा वेग, घर्षण आणि हवेची ढवळाढवळ यांत जाते. केवळ दाबाच्या जोरावर थेंब बारीक करणे किती महागाचे आहे, हे यावरून कळते.

पुढे थेंब हवेत काय करतो ते पाहावे. स्थिर हवेत दोनशे मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे सत्तर सेंटिमीटर वेगाने खाली येतो, शंभरचा पंचवीस ते तीस सेंटिमीटरने, आणि पन्नासचा जेमतेम सात-आठ सेंटिमीटरने. तुमच्या झाडाच्या शेंड्यापासून, म्हणजे बारा मीटरवरून, शंभर मायक्रॉनचा थेंब जमिनीपर्यंत यायला पाऊण मिनिट घेईल. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर अशी मंद झुळूक त्याला चाळीस-पंचेचाळीस मीटर दूर नेऊ शकते. शिवाय थेंबाचे हवेतले आयुष्य व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून व्यास निम्मा झाला की तो चौथाई वेळात आटतो. आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लहान थेंब नोझलमधून मिळालेला वेग हवेत चटकन गमावतो. शिंपुटाच्या आत शिरण्याइतकी गती त्याच्यात उरत नाही, आणि सुपारीला वळसा घालून जाणाऱ्या हवेबरोबर तोही वळून निघून जातो.

माझ्या मते तुम्ही मध्यम, ढोबळमानाने दोनशे ते तीनशे मायक्रॉनचा फवारा घ्यावा, दाब पंपाला झेपेल तितका न ठेवता नोझलच्या तक्त्यात दिलेल्या कक्षेत ठेवावा, आणि काठीमुळे नोझल शिंपुटाच्या जवळ नेता येते याचा पूर्ण उपयोग करावा. दाब मोजताना दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार कमी होतो आणि नळीतल्या घर्षणाने त्याहून अधिक कमी होऊ शकतो, हे लक्षात घ्यावे. पंपावरचा आकडा टोकाचा नसतो.

औषधनिर्माण_वेर्णा

वरील विवेचनाला आमच्या क्षेत्रातून एक पुष्टी देतो. गोळ्यांवर पातळ लेप चढवताना फिरत्या ढोलात गोळ्यांवर द्रावण फवारले जाते आणि गरम हवा सोडली जाते. थेंब फार बारीक झाले तर ते गोळीवर पोचण्याआधीच सुकतात, त्यांची भुकटी हवेबरोबर निघून जाते आणि लेप खरखरीत होतो. थेंब फार मोठे असतील तर गोळ्या ओल्या राहून एकमेकींना चिकटतात. त्यामुळे फवाऱ्याचा वेग, हवेचा दाब, तापमान आणि नोझलचे गोळ्यांपासूनचे अंतर या चारही गोष्टी एकत्र जुळवाव्या लागतात. एकच बदलून भागत नाही. तुमच्या शिंपुटाची अडचण याच जातीची आहे.

हवेतच सुकणे जिथे हवे असते, तिथे आम्ही ते मुद्दाम घडवतो. स्प्रे ड्रायरमध्ये द्रावण गरम हवेत फवारून काही सेकंदांत कोरडी भुकटी मिळवतात. सॅम्युअल पर्सी यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १८७२ मध्ये मिळाले, आणि दुधाची भुकटीही याच मार्गाने होते. हवा खूप तापलेली असली तरी थेंबात पाणी असेपर्यंत बाष्पीभवनामुळे तो तुलनेने थंड राहतो, म्हणून उष्णता न सोसणारे औषधही टिकते.

दम्याच्या इनहेलरमध्ये तर एक ते पाच मायक्रॉनचे कण लागतात, कारण तेवढेच फुप्फुसांत खोलवर उतरतात. त्याहून मोठे कण बहुतेक तोंडात व घशातच अडकतात. हे इथे सांगण्याचे कारण असे की बोर्डोच्या धुक्यातला सर्वांत बारीक हिस्सा फवारणाऱ्याच्या श्वासात जाऊ शकतो. काठी धरणारा माणूस मान वर करून, नेमका फवाऱ्याखाली उभा असतो. त्याला योग्य प्रतीचा मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे द्यावेत. नाकाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही.

खाण_डिचोली

धुक्यासारखा फवारा धुळीसाठी मात्र उपयोगी आहे. खनिजाच्या रस्त्यावर टँकरने मोठ्या थेंबांचे पाणी मारतात ते धूळ उठू नये म्हणून. एकदा हवेत उठलेली बारीक धूळ मोठा थेंब पकडू शकत नाही, कारण धुळीचा कण त्याच्याभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतो. ती पकडायला धुळीच्याच मापाचे, दहा मायक्रॉनच्या आसपासचे थेंब लागतात, आणि तेही वारा नसलेल्या बंदिस्त जागी. कुळागर बंदिस्त नसते.

बागायत_काणकोण

शास्त्र वर आले आहे, मी पोफळीच्या बाजूने लिहितो. कोळेरोग करणारी फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी सूक्ष्मजीवजात पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाणाऱ्या बीजाणूंनी पसरते. बोर्डोतले तांबे फळाच्या पृष्ठभागावर आधीपासून असेल तरच तिला अडवते. आत शिरलेला रोग ते बरा करत नाही. म्हणून शिंपुटातली एक बाजू कोरडी राहिली तर तिथूनच सुरुवात होते. प्रत्येक शिंपुटावर एका बाजूने भरपूर मारण्यापेक्षा दोन बाजूंनी आणि थोडे खालून वर असे मारावे. सुपारीच्या सालीवर मेणचट थर असल्याने नुसते मिश्रण ओघळते. चिकटद्रव्य शिफारशीच्या प्रमाणातच घालावे, कारण ते पृष्ठताण कमी करते, आणि जास्त झाल्यास थर पातळ होऊन खाली गळतो.

मिश्रणाकडे दुर्लक्ष करून केवळ नोझल बदलण्यात अर्थ नाही. शंभर लिटरसाठी एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात आणि एक किलो चांगला कळीचा चुना वेगळ्या पन्नास लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत करून, तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतत ढवळावे. लोखंडी पाते थोडा वेळ बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना वाढवावा. चुन्याचे पाणी फडक्यातून गाळलेच पाहिजे, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

चुन्याचे कण नोझलचे छिद्र घासून मोठे करतात. पितळी नोझल यात लवकर झिजते, स्टेनलेस स्टीलचे त्याहून टिकते, सिरॅमिकचे अधिक टिकते. नवीन नोझलमधून ठरावीक दाबाला मिनिटात किती द्रव येतो ते मापाच्या भांड्यात मोजून लिहून ठेवावे, आणि तो प्रवाह दहा टक्क्यांनी वाढला की नोझल बदलावे. छिद्र तुंबल्यास तार किंवा सुई घालू नये, मऊ ब्रशने व पाण्याने साफ करावे.

शेजाऱ्याकडे जाणारे धुके हा केवळ नुकसानीचा प्रश्न नाही. आपल्या कुळागरांतून पाट वाहतात आणि ते खाली ओहोळाला मिळतात. तांबे माशांना विषारी असते व जमिनीत साचत राहते. पाटाच्या कडेच्या ओळी फवारताना मला याची फार काळजी वाटते.

कुळागर_सत्तरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दाब कमी करून मध्यम फवाऱ्याचे सिरॅमिक नोझल लावतो. एक शंका राहिली आहे. आम्ही पहाटे हवा अगदी निश्चल असताना फवारतो, ती वेळ योग्य आहे का?

यंत्र_फोंडा

पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे उरलेसुरले बारीक थेंब विरून न जाता थरासारखे तरंगत राहतात आणि उताराने एकगठ्ठा सरकतात. सत्तरीसारख्या डोंगरांमधल्या खोऱ्यात तर हे अधिक होते. सूर्य वर आल्यावर, पाने किंचित हलतील इतकी झुळूक असताना आणि ती पाटापासून व शेजारापासून दूर वाहत असताना फवारावे, दुपारच्या वाऱ्याआधी थांबावे, आणि पाऊस येण्यापूर्वी थर वाळायला पुरेसा वेळ मिळेल असा दिवस निवडावा. थर वाळला की खालून दुर्बिणीने शिंपुटांची आतली बाजू पाहावी. बोर्डोचा निळसर डाग आपोआपच दिसतो, त्यामुळे कोणत्या बाजूने काठी फिरवायची राहिली ते त्याच दिवशी कळेल.