उपजत चाल आणि लादलेली चाल

सारंगखेड्याच्या बाजारातल्या घोड्यांच्या रवाळ, म्हणजे स्वाराला हादरे न देणाऱ्या, चालीवरून चर्चा अमेरिकेतल्या टेनेसीच्या 'वॉकिंग हॉर्स' या घोड्याच्या जातीवर आलीच आहे आणि 'पाय छातीपर्यंत उचलणं ही त्या जातीची उपजत चाल' असं या चर्चेत कुणी म्हटलंय, म्हणून थोडी भर.

उपजत आहे ती 'रनिंग वॉक'. चार ठोक्यांची, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडतो, प्रत्येक पावलाला मान डुलते, कान हलतात. स्वाराला हादरा म्हणून नाही. रवाळीचं कौतुक असणाऱ्याला ही चाल लगेच आवडेल.

टेनेसीतल्या शेल्बीव्हिल गावात १९३९ पासून दर उन्हाळ्याअखेर या जातीची राष्ट्रीय स्पर्धा भरते. पहिला विजेता स्ट्रोलिंग जिम. पुढे प्रेक्षकांना उंच पाऊल आवडायला लागलं आणि गाडी घसरली. पुढच्या खुरांखाली जाड थर, पायात साखळी, आणि काही जण तर खुराच्या वरच्या कातडीला मोहरीचं तेल किंवा रॉकेल चोळत. साखळी त्या सोललेल्या जागेवर आपटली की घोडा पाय झटकन वर घेणारच! याला चाल म्हणायचं?

घोड्यांचे पाय असे दुखवण्याविरुद्धच्या १९७० च्या अमेरिकी कायद्याने हे बंद व्हायला हवं होतं. तपासनीस अंगठ्याने ती जागा दाबून घोडा पाय ओढतो का बघतात, तर त्यावर उपाय म्हणून बधिर करणारं औषध निघालं. २००६ मध्ये शेल्बीव्हिलच्या स्पर्धेत तपासणीत इतके घोडे बाद झाले की मुख्य किताबाची फेरीच रद्द झाली.

साध्या नालांच्या घोड्यांचे गटही तिथे असतात. व्हिडिओ बघायचेच तर ते बघा.