महायुद्धातील पर्व्हिटिनच्या गोळ्या

प्रश्न:
१९४० मध्ये जर्मन सैन्याने आर्देनच्या जंगलातून फ्रान्सवर जी मुसंडी मारली, तिचे श्रेय काही जण मेथाम्फेटामिन हे झोप व थकवा पळवणारे उत्तेजक द्रव्य असलेल्या पर्व्हिटिन गोळ्यांना देतात. यात तथ्य किती?

प्रतिसाद १:
गोळ्या वाटल्या गेल्या, हे निर्विवाद आहे. बर्लिनच्या टेम्लर कंपनीने हे औषध १९३८ मध्ये बाजारात आणले, लष्करी वैद्यक अकादमीतील ऑटो रांके यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात पर्व्हिटिन व तत्सम आयसोफानच्या मिळून सुमारे साडेतीन कोटी गोळ्या सैन्याकडे रवाना झाल्या. तरीही विजय गोळीने मिळवून दिला असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते. रणगाड्यांची एकवटलेली फळी, बिनतारी संदेशयंत्रणा आणि फ्रेंच सेनापतींचे चुकलेले आडाखे यांचे काय करायचे?

प्रतिसाद २:
शिवाय ही गोळी शक्ती देत नाही, थकव्याची जाणीव तेवढी दडपते. फिनलंडच्या आइमो कोइवुनेन या सैनिकाने मार्च १९४४ मध्ये, सोविएत सैनिक पाठलाग करत असताना, जाड हातमोज्यांमुळे एकच गोळी काढता येईना म्हणून तुकडीचा पर्व्हिटिनचा सगळा साठा गिळला. त्यानंतर भ्रम आणि बेशुद्धी यांच्या फेऱ्यांत तो बर्फात एकटाच भटकत राहिला. सापडला तेव्हा त्याचे वजन ४३ किलो होते.

प्रतिसाद ३:
केवळ जर्मनांकडेच बोट दाखवू नये. ब्रिटिश वैमानिकांना बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामिनचे उत्तेजक औषध मिळत असे, तर जपानमध्ये युद्धानंतर उरलेला फिलोपॉनचा, म्हणजे तिथल्या मेथाम्फेटामिनचा, साठा नागरिकांच्या हाती पडून व्यसन इतके फोफावले की १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.