मदत हवी आहे: कुस्ती सुटली, भावाला चित्रकला शिकायची आहे

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात तालमीत होता. खासबागेच्या कुस्ती मैदानात मोठी कुस्ती मारायची, एवढंच डोक्यात. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, तरी पाय साथ देईना. शेवटी कुस्ती सोडली.

घरी पडल्या पडल्या तो कोळशाच्या कांडीनं चित्रं काढायला लागला. सगळे पैलवानच! मोडलेले कान, लाल मातीनं माखलेली पाठ, पट काढताना (समोरच्याचा पाय धरून खेचताना) ताणलेली मांडी, हे त्याला बरोब्बर जमतं. अंगानं माहीत आहे ना ते. चेहरे आणि हाताची बोटं मात्र फसतात. कला महाविद्यालयात जायचं नाही म्हणतो. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर स्वतःच चित्रकला शिकले, हे कळल्यापासून त्याला फार धीर आलाय.

हातांच्या सरावासाठी मराठीत चांगलं पुस्तक किंवा व्हिडिओ आहेत का? कोळसा पुसला जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्ह कोणतं, किती लांबून मारायचं? रंकाळा तलावावर वगैरे बसून स्केचिंग करणारा, नवख्याला सामावून घेणारा ग्रुप आहे का? शाहू स्मारकच्या कलादालनात मी त्याला प्रदर्शनं बघायला नेते, पण चुका दाखवणारं माणूस हवं. घरचे नुसतं कौतुक करतात. वस्तादासारखं स्पष्ट सांगणारं कुणी असेल तर कृपया कळवा.