मदत हवी आहे : फळांच्या वाइन पंचमधला कडवटपणा कसा टाळावा?

शरद ऋतूसाठी वाइन पंच मी घरी दोनदा करून पाहिला असून, ७५० मिली रेड वाइनमध्ये सफरचंद, नासपती आणि सालीसकट संत्र्याच्या चकत्या, दालचिनीची एक काडी व चार लवंगा घालून भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले होते. रंग सुरेख उतरला, परंतु संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागामुळे असावे, प्रत्येक घोटानंतर जिभेवर कडवटपणा रेंगाळत राहिला आणि नासपतीच्या फोडी चमच्याने उचलतानाच मोडू लागल्या. हा कडवटपणा साखरेने झाकणे मला पटत नाही. संत्रे सोलून घालावे का, आणि नासपती वाढण्याच्या फक्त तासभर आधी घातल्यास तिचा स्वाद पुरेसा उतरेल का? लवंग-दालचिनी पाण्यात वेगळी उकळून तो अर्क कोणी वाइनमध्ये मिसळत असल्यास, कृपया प्रमाणही सांगावे.