मदत हवी आहे: पी०१७१ कोड, आयडलिंगला फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा) +१७. ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस४, चार सिलिंडर. चेक इंजिन लाइट पुसला तरी दोन-चार दिवसांत परत लागतो. कोड एकच, पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). गॅरेजवाले म्हणतात पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाका. आईला डायलिसिसला याच गाडीतून न्यावं लागतं, त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलत बसायला ना वेळ आहे ना पैसे.

ब्लूटूथ ओबीडी (गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारा स्कॅनर) लावून इंजिन गरम असताना बघितलं. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.८ मध्ये सारखं वरखाली होतंय. एकदम ॲक्सिलरेटर दिला की ०.८५ पर्यंत जातं, पाय काढला की लगेच खाली येतं. मेलेला सेन्सर असा वागेल का? लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला +१७, पण २५०० आरपीएमला +५ वर येतो. आयडल ७५०ला स्थिर, मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब) ३३ केपीए. मिसिंग नाही, पिकअप बरा आहे. पेट्रोल पंप किंवा फ्युएल फिल्टरचा दोष असता तर आरपीएम वाढल्यावर ट्रिम आणखी चढला असता, इथे उलटं आहे. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे चार-पाच टक्के वाढ समजू शकतो, पण ती सगळीकडे सारखीच दिसायला हवी ना?

मला व्हॅक्यूम लीकची, म्हणजे इनटेकमध्ये कुठूनतरी जादा हवा शिरत असल्याची शंका येतेय. इनटेकच्या पाइपांवर कार्ब क्लीनर मारून पाहिला, आयडलमध्ये काही फरक नाही. आता कुठे शोधू?

प्रतिसाद:
सेन्सर अजिबात बदलू नका, तुमच्याच आकड्यांवरून तो काम करतोय. व्हॅक्यूम लीकही मला वाटत नाही. तुम्ही मॅपचा आकडा दिलाय, म्हणजे तुमच्या गाडीत बहुधा मॅप सेन्सर आहे, एमएएफ (आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर) नाही. अशा गाडीत बाहेरची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरली तर मॅप वाढतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो, आणि ट्रिम बिघडण्यापेक्षा आयडल चढतो. तुमचा ३३ अगदी नॉर्मल आहे.

इंजिन आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर यांच्या मधे एक्झॉस्ट लीक आहे का बघा. आयडलिंगला धुराच्या दोन झटक्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत राहतो. आरपीएम वाढला की आतला दाब वाढतो आणि परिणाम कमी होतो. सकाळी थंड इंजिन चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ कान द्या, टिकटिक आवाज येतो का. गरम झाल्यावर धातू फुगून फट बारीक होते, मग आवाजावरून सापडणं अवघड जातं. जोडावर काजळीचे डाग आहेत का तेही बघा. नाहीतर इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना सायलेन्सरमधून ब्लोअरची हवा सोडून जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येतील. लीक सापडलं तर आधी गॅस्केट बदला, ट्रिम रिसेट करा आणि नवे आकडे इथे टाका. नाहीच सापडलं तर पुढचा संशय इंजेक्टरवर.